घरच्या हॉप्सचं दुसरं वर्ष: फुटवे पिवळे पडलेत, वेल दोरीवर कधी चढवायची?

पावसाळी_पोर्टलंड
६ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टनला राहतो. चार वर्षं झाली, मी गॅरेजमध्ये बिअर करतो. पाच गॅलनचं पातेलं, महिन्या-दीड महिन्यातून एक घाणा. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) विकतचं, यीस्ट विकतचं, बिअरला कडवटपणा आणि वास देणारे हॉप्सही विकतच्या गोळ्यांचे. आपल्या अंगणात पिकलेल्या हॉप्सची एक तरी पेल एल बिअर करावी असं फार दिवस मनात होतं, म्हणून गेल्या वर्षी मार्चअखेर दोन मुळं लावली: एक कॅस्केड जातीचं, एक सेंटेनियल जातीचं.

गेल्या वर्षी कॅस्केड दक्षिणेकडच्या भिंतीला लागून १२ फूट चढली. सप्टेंबरात तिचे सगळे कोन (बिअरमध्ये पडतात ती बोंडं) मिळून चहाचा एक कप भरला. सेंटेनियल लाकडी अर्ध्या पिंपात आहे. ती ५ फुटांवर थांबली, कोन एकही नाही. माझं काही चुकलं का?

यंदा कॅस्केडच्या बुडातून पंचवीस-तीस फुटवे आलेत, जांभळट आणि जोमदार. पण त्यांतले सात-आठ खुरटलेत. पेरं एकमेकांना चिकटल्यासारखी, पानं फिकट पिवळी आणि खाली वळलेली. पान उलटं करून पाहिलं तर मागे काळपट करडी लव दिसते. फवारणी करू का? आणि वेल दोरीवर नेमकी कधी चढवायची, किती फुटवे ठेवायचे? प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगतात.

अजून दोन गोष्टी. पुण्यातला भाऊ म्हणतो, मलाही गच्चीवर लावायचे आहेत, एक मूळ घेऊन ये. तिथे येतील का? आणि आमचा लॅब्रॅडॉर बंड्या दुपारभर त्या वेलीच्या सावलीत पडून असतो, त्याला काही त्रास नाही ना?

एल_की_लेगर
६ एप्रिल, रात्री ११:०५

पहिल्या वर्षी कपभर म्हणजे ठीकच आहे, मला तेवढेही मिळाले नव्हते. कडुनिंबाचं तेल मारून बघा. बाकी मांडवाखालची ताई सांगतील, त्यांच्याकडे दहा-बारा वर्षांच्या वेली आहेत.

मांडवाखालची
७ एप्रिल, सकाळी ६:५०

पावसाळी, आधी आजारी फुटव्यांचं बघू, ते उद्यावर टाकायचं काम नाही.

ती डावणी आहे, बुरशीसारखा रोग. माझं माहेर तासगावचं, वडिलांची द्राक्षबाग. डावणी आणि भुरी या दोन रोगांची नावं मी पाढ्यांच्या आधी शिकले. हॉप्सची डावणी आणि द्राक्षाची डावणी जातीने वेगळ्या, एकीची दुसरीला लागत नाही, पण वागणूक सख्ख्या बहिणींसारखी: ओल, गारवा, हवा कोंडलेली, की ती आलीच. इथला एप्रिल म्हणजे तिला हवं तसं हवामान. हॉप्समध्ये ती हिवाळाभर बुडख्यात, डोळ्यांत दबून बसते आणि वसंतात नव्या फुटव्याबरोबरच वर येते. म्हणून असे खुरटे फुटवे पहिल्यांदा जमिनीलगत दिसतात.

ते सात-आठही आजच काढा. कात्रीने वरून कापायचे नाहीत. बोटांनी माती सारून फुटवा जिथून निघाला तिथपासून उपटायचा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पुढचे दोन-तीन आठवडे रोज सकाळी एक फेरी मारा, अजून निघतील. कडुनिंबाचं तेल लाल कोळी या किडीसाठी ठीक, डावणीला त्याने काही होत नाही. फवारायचंच तर तांब्याचं औषध, आपल्या बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद-चुन्याच्या) जातीचं, आणि डब्यावर हॉप्सचं नाव लिहिलेलं असेल तरच. माझा अनुभव असा, की दोन-चार वेलींच्या घरगुती बागेत हाताने उपटणं आणि बूड मोकळं ठेवणं यानेच पाऊण काम होतं. कॅस्केड तशी डावणीला बऱ्यापैकी टिकते, म्हणून घाबरू नका.

माझ्याकडे २०१४ साली हेच झालं होतं. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून मी नत्र वाढवत गेले. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर वडिलांना वेल दाखवत होते. ते म्हणाले, "पान उलटं कर." उलटं केलं. "जवळ आण. अजून जवळ." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि म्हणाले, "अगं, डावणी आहे की! खत कसलं घालतेस? हवा दे तिला." त्यांनी आयुष्यात हॉप्सचं झाड पाहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या वेलीची खालची तीन फूट पानं मी जूनच्या मध्यापर्यंत खुडून टाकते. खाली वारा खेळतो, पाण्याचे शिंतोडे मातीवरून पानांवर उडत नाहीत, आणि डावणीची शिडीच जाते. पाणीही ठिबकनेच. लॉनचा फवारा त्या बाजूला वळला असेल तर आजच फिरवा.

आता वेल चढवण्याचं. हॉप्सचे सगळ्यात पहिले फुटवे दिसायला दांडगे, पण आतून पोकळ असतात. त्यांचा मोह धरू नका. जमिनीलगत छाटून टाका, अगदी सगळे. मागून येणारे बारीक दिसतात, पण तेच चिवट निघतात. ते दोन-तीन फुटांचे झाले की, म्हणजे आपल्याकडे एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा, दोरीवर घ्या. एका बुडाला दोन दोऱ्या, इंग्रजी व्हीच्या आकारात. प्रत्येक दोरीला तीन निरोगी फुटवे, बाकीचे काढा. जीव तुटतो, पण काढा. सगळे ठेवले की जंगल होतं, आणि जंगलात पुन्हा डावणी.

गुंडाळताना वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटं गुंडाळलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी वेल सुटून खाली पडलेली असते. द्राक्षवेल तणावे टाकून तार धरते. हॉप्सला तणावे नसतात. त्याच्या देठावर आकड्यांसारखे कडक बारीक केस असतात, त्यांनी तो दोरीला पकडून चढतो. म्हणून गुळगुळीत नायलॉन नको, काथ्या घ्या. वॉशिंग्टनच्या याकिमा खोऱ्यात, जिथे अमेरिकेतले बहुतेक हॉप्स पिकतात, तिथल्या मळ्यांतही नारळाचा काथ्याच टांगतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्याच केसांनी हातावर ओरखडे उठतात आणि खाज सुटते, तेव्हा वेलीत हात घालताना लांब बाह्यांचा सदरा घाला.

उंची मिळेल तेवढी द्या. मळ्यात १८ फूट असते. मी छपराच्या कडेला कप्पी बसवली आहे, विहिरीला असते तशी, छोटी. दोरी कप्पीतून खाली आणून खुंटीला बांधली की काढणीच्या वेळी सगळी वेल खाली घेता येते, शिडीवर चढावं लागत नाही. जूनमध्ये वेल एका दिवसात वीतभरही वाढते. सकाळी खूण केलेलं पेर संध्याकाळी वर गेलेलं दिसतं.

एक सवय मात्र मला मोडावी लागली. द्राक्षात आम्ही बगलफूट (पानाच्या बगलेतून निघणारे आडवे फुटवे) काढतो. इथे पहिल्या वर्षी मी मनोभावे सगळी बगलफूट काढली, आणि ऑगस्टात वेलीवर काहीच नाही! हॉप्सची बोंडं (घरी आम्ही कोनांना बोंडंच म्हणतो) बगलफुटीवरच लागतात. तेव्हा खालची तीन फूट साफ, त्याच्या वर हात लावायचा नाही.

तुमच्या हातून चुकलेलं काही नाही. पहिलं वर्ष मुळाचं. खाली काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून आपण वरचं मोजत बसतो. दुसऱ्या वर्षी बरं पीक, तिसऱ्या वर्षी पूर्ण. भरल्या वेलीवर सुकवलेला माल अर्धा ते एक किलोच्या आसपास धरा. खादाड आहे, मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत कुजलेलं कोंबडीखत किंवा चांगलं कंपोस्ट द्या. फुलं दिसली की नत्र बंद.

सेंटेनियलचं खरं दुखणं ते पिंप आहे. फुटवे वीतभर आहेत तोवर, याच आठवड्यात, मातीच्या गोळ्यासकट जमिनीत हलवा. कॅस्केडपासून सहा फूट तरी लांब, नाहीतर दोघी गुंततात आणि काढणीला कोणतं बोंड कुणाचं हे कळत नाही. बीव्हर्टनची चिकणमाती पाणी धरून ठेवते, म्हणून हळदीला करतो तसा गादीवाफा करा, फूटभर उंच.

एक चौकशी नक्की करा: मुळं कुठून आणली? हॉप्समध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बोंडं फक्त मादीला. मी २०११ मध्ये एका नर्सरीतून आणलेल्या दोनांपैकी एक नर निघालं. दोन वर्षं खत-पाणी केलं. तिसऱ्या जुलैत घोसाघोसांनी चांदण्यांसारखी बारीक फुलं लटकली, बोंडं नाहीत, तेव्हा कळलं. शेजारच्या मादीच्या बोंडांत बिया धरल्या ते वेगळंच. जातिवंत मादीचं बेणं देणाऱ्याकडूनच घ्यावं. कॅस्केड, सेंटेनियल, विलामेट यांचं बेणं सहज मिळतं. सिट्रा, मोझेक यांचं घरगुती लागवडीला मिळत नाही, त्या खासगी मालकीच्या जाती आहेत.

बंड्याचं मात्र फार गांभीर्याने घ्या. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात. वेलीच्या सावलीत पडून काही होत नाही, पण बोंडं पोटात गेली तर अंगाचा ताप झपाट्याने वाढत जातो, धाप लागते, आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. ताजी, सुकी, उकळलेली, तिन्ही वाईट. सगळ्यात धोक्याचा बिअर झाल्यावर उरलेला चोथा, कारण त्याला माल्टचा गोड वास असतो आणि कुत्रं आवडीने खातं. चोथा घट्ट झाकणाच्या डब्यात, त्याच मिनिटाला. आणि त्याने खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

छाटलेले निरोगी कोवळे शेंडे फेकू नका. वीतभर लांबीचे, वरचे मऊ भाग घ्या. दोनदा धुवा, लसूण आणि हिरवी मिरची तेलात टाकून वर ते परता, दोन मिनिटं झाकण, शेवटी मूठभर दाण्याचं कूट. चव शेवग्याच्या कोवळ्या पाल्याच्या आणि शतावरीच्या मधली, मागे किंचित कडवट. बेल्जियममध्ये पॉपरिंगेला हे कोंब महागडी भाजी म्हणून खातात. आमच्याकडे एप्रिलमध्ये दोन वेळा होते, भाकरीबरोबर.

पावसाळी_पोर्टलंड
७ एप्रिल, रात्री ८:१५

ताई, किती मनापासून लिहिलंत. ऑफिसमधून आलो तो थेट मागच्या दाराने अंगणात. नऊ फुटवे उपटले. दोन फुटव्यांची पानं वरून हिरवीगार होती, उलटी केल्यावरच कळलं. लॉनचा फवारा खरंच भिंतीकडे वळलेला होता, फिरवला. बंड्याचं वाचून बायकोने लगेच वेलीभोवती तारेचं कुंपण घालायला सांगितलं, शनिवारी घालतो. बागेचं सामान विकणाऱ्या कुणीही हे आम्हाला सांगितलं नव्हतं.

कॅन्टरबरीकर
९ एप्रिल, दुपारी ३:२०

मी इंग्लंडात केंटमध्ये राहतो. इथे गावोगावी हॉप्स सुकवण्याच्या जुन्या भट्ट्या दिसतात, निमुळत्या छपराच्या, वर पांढरी लाकडी टोपी. आता बहुतेकांची घरं झालीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या ईस्ट एंडमधली गरीब कुटुंबं सप्टेंबरात पोरंबाळं घेऊन इथे तोडणीला यायची, तीच त्यांची सुट्टी. आमच्याकडच्या ऊसतोडीची आठवण होते. याच भागातले हॉप्स मुंबई-कलकत्त्याला जाणाऱ्या पेल एलमध्ये पडत होते.

ज्यांच्याकडे १८ फूट उंची नाही त्यांच्यासाठी लिहितोय. फर्स्ट गोल्ड नावाची ठेंगणी जात आहे, आठेक फुटांवर थांबते, साध्या कुंपणावर चढवता येते. माझ्याकडे सहा वर्षं आहे. वास संत्र्याच्या सालीसारखा, कॅस्केडइतका भडक नाही, आणि इंग्लिश बिटर या बिअरला फार छान. इथल्या पबमध्ये तुळयांवर हॉप्सच्या सुकलेल्या वेली माळेसारख्या टांगतात. मी दसऱ्याला तोरणात झेंडूबरोबर चार बोंडं ओवतो.

गच्ची_कोथरूड
११ एप्रिल, रात्री १०:३०

पावसाळी, तुमच्या भावासाठी माझा अनुभव. एका मित्राने हिमाचलमधून दोन मुळं आणून दिली. फेब्रुवारी २०२१ ला २० इंची कुंड्यांत लावली, सकाळचं ऊन, दुपारी हिरवी जाळी. जूनपर्यंत सहा फूट गेली, मला वाटलं जमलं. मग वाढ थांबली आणि चार-पाच फुटांवरच फुलं धरली, पूर्ण वेलीला अकरा कोन, हरभऱ्याएवढे. पावसाळ्यात पानं गळाली, दिवाळीनंतर लाल कोळी. दुसऱ्या वर्षी फुटवेच काडीसारखे आले. मी थंडी कमी पडली म्हणून मूळ दीड महिना फ्रिजमध्येही ठेवून पाहिलं. फरक शून्य. नक्की काय अडतं?

मांडवाखालची
१२ एप्रिल, सकाळी ७:१०

गच्ची, तुम्ही कष्टात काही कमी केलं नाहीत. अडतो तो दिवस.

हॉप्स दिवसाची लांबी मोजतो. दिवस मोठा असेपर्यंत तो फक्त उंच जात राहतो, पेरांवर पेरं टाकतो. २१ जूननंतर दिवस लहान व्हायला लागले की त्याला फुलायचा इशारा मिळतो. आमच्याकडे पोर्टलंडला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस जवळजवळ पावणेसोळा तासांचा, म्हणून फुलायच्या आधी वेलीला १८-२० फूट जायला वेळ मिळतो. पुण्याचा सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. हॉप्सच्या लेखी पुण्यात कायमच दिवस लहान. सहा फुटांची झाली की तिला वाटतं ऋतू संपला, आणि ती जे काही अंगात आहे त्यावर फुलून मोकळी होते. अकरा बोंडं त्यातून आली. फ्रिजने दिवस लांबत नाही, म्हणून फरक पडला नाही. जगभर हॉप्सची मोठी शेती साधारण ३५ ते ५५ अक्षांशांत आहे ती याचमुळे. आपल्या देशात तो पिकवला गेला तो हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, थेट डोंगरापलीकडे.

खरंच करायचं असेल तर फेब्रुवारीपासून सूर्यास्तानंतर तीन-चार तास दिवे लावून दिवस लांबवावा लागेल, वेल १२-१५ फूट होईपर्यंत, मग दिवे बंद. शेवंतीवाले फुलं लांबवायला दिवे लावतात, तोच प्रकार. एका कुंडीपुरतं, शिकायचं म्हणून करून बघण्यासारखं आहे.

पावसाळी, भावासाठी मूळ बॅगेत घालून नेऊ नका. परवान्याशिवाय झाडाचं मूळ विमानाने नेणं कायद्याने चालत नाही, आणि त्या मुळाबरोबर डावणी जाईल ती तासगाव-नाशिकची काळजी असणाऱ्या माझ्यासारखीला सहन होणार नाही, मग ती द्राक्षाला लागो न लागो. शिवाय महाराष्ट्रात घरी बिअर करायला परवानगी नाही, हे भावाला आधी सांगा. इथे १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने आपल्याला ती मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही.

पावसाळी_पोर्टलंड
२४ ऑगस्ट, रात्री ९:००

ताई, चार महिन्यांनी आलो. कॅस्केड छपरापर्यंत जाऊन परत खाली वळली आहे, अंदाजे १९ फूट. डावणी मेनंतर दिसली नाही. सेंटेनियल गादीवाफ्यावर खूश आहे, ११ फूट. काही बोंडं (आता मीही बोंडंच म्हणतो) हाताला कागदासारखी लागतात, काही अजून मऊ आहेत. तोडू की थांबू? आणि पाच गॅलनला किती टाकू? माझं सॉफ्टवेअर अल्फा आम्ल (हॉप्समधला कडवटपणा देणारा घटक) किती टक्के ते विचारतं, ते कुठून आणू?

मांडवाखालची
२५ ऑगस्ट, सकाळी ६:३०

थांबा, चार-पाच दिवस तरी.

वेलीच्या मधल्या उंचीवरचं एक बोंड घ्या, कानाजवळ धरून दाबा. कुरकुरलं पाहिजे आणि सोडल्यावर परत फुगलं पाहिजे. मग उभं चिरा. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धूळ दिसेल, ल्युप्युलिन. फिकट लिंबू रंग असेल तर कच्चं. हळदीसारखा गडद पिवळा झाला की तयार. सगळं तेल, सगळा कडवटपणा त्या धुळीत असतो. तळहातावर चोळा: आधी हिरवळीचा, गवताचा वास येत असेल तर अजून थांबा, थेट ग्रेपफ्रूटच्या सालीचा आला की झालं. लसूण-कांद्यासारखा यायला लागला तर उशीर झाला.

नाकावर विश्वास बसत नसेल तर वजनाने बघा. ५० ग्रॅम ताजी बोंडं घ्या, मंद ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. ११ ग्रॅमच्या वर उरली तर तोडायला हरकत नाही. मी दरवर्षी दोन्ही करते.

अल्फाचा आकडा आणू नका, गरजच नाही. कॅस्केडची अल्फा साधारण साडेचार ते सात टक्के. म्हणजे तेवढ्याच वजनात कडवटपणा दीडपट इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि तो तुमच्या वेलीचा यंदाचा आकडा कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सुरुवातीचा तासभर उकळायचा कडवटपणा विकतच्या गोळ्यांनी घ्या, पाकिटावर टक्का छापलेला असतो. घरचे हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत आणि आच बंद केल्यावर. तिथे कडवटपणा फारसा उतरत नाही, वास उतरतो, आणि त्या वासासाठीच तर आपण वर्षभर हे करतो. पहिलं पीक आलं तेव्हा मी सगळी कडवटी घरच्या बोंडांवर टाकली होती. औषधासारखी बिअर झाली, चाळीस बाटल्या.

माझं ऐकाल तर थोडी ओलीच वापरा. बाजारात वर्षभर सुके हॉप्स मिळतात. ओले फक्त ज्याच्या अंगणात वेल आहे त्याला, वर्षातून एक दिवस. सकाळी पाणी तापत ठेवायचं आणि मग तोडायला बसायचं. तोडलेलं चोवीस तासांच्या आत पातेल्यात गेलं पाहिजे, नंतर ढिगात आतून गरम होऊन कुजकट वास धरतो. ओल्याचं वजन सुक्याच्या चार ते सहा पट लागतं, मी पाचपट धरते.

उरलेली सुकवायला खिडकीच्या डासांच्या जाळ्या, एक थर, खालून पंखा, गॅरेजमध्ये. पापड-कुरडयांसारखी उन्हात टाकू नका, उन्हाने वास उडतो. दोन-तीन दिवसांत बोंडाची मधली काडी वाकवल्यावर तुटली की झालं. नुसती वाकली तर अजून ओल आहे आणि पिशवीत बुरशी येईल. ओल्याचा चौथा हिस्सा वजन उरतं, त्यावरूनही कळतं. मग हवा काढलेल्या पिशवीत, थेट फ्रीझरमध्ये.

पावसाळी_पोर्टलंड
४ सप्टेंबर, रात्री ११:१०

शनिवारी तोडली. दुपारी दोनपर्यंत आम्ही दोघं आणि शेजारचे आजी-आजोबा खुर्च्या टाकून बोंडं खुडत होतो, बोटं पिवळी आणि चिकट. साबणाने जात नव्हती, तेलाने गेली. कॅस्केडची १ किलो ९०० ग्रॅम ओली. ७०० ग्रॅम त्याच संध्याकाळी पातेल्यात. आच बंद करून टाकली तेव्हा सगळ्या गॅरेजमध्ये संत्रं सोलल्यासारखा वास भरला, बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. बाकीची १२०० ग्रॅम जाळ्यांवर होती, आज काडी तुटली. वजन केलं: ३०६ ग्रॅम. सेंटेनियलची मूठभर आहे, ती वेगळी ठेवली. चोथा डब्यात, डबा बंद, बंड्या दिवसभर शेजाऱ्यांकडे.

आता रिकामी वेल जमिनीलगत कापून टाकू का?

मांडवाखालची
५ सप्टेंबर, सकाळी ६:४५

३०६ ग्रॅम! दुसऱ्या वर्षी! आज वडिलांना फोनवर सांगते.

लगेच जमिनीलगत कापू नका. खालचा तीन फूट हिरवा देठ राहू द्या, त्यातून मूळ पुढच्या वर्षाचं अन्न ओढून घेतं. पहिलं दव गोठून देठ तपकिरी झाला की मग जमिनीलगत कापा आणि वर चार बोटं जाडीचा कंपोस्टचा थर द्या. खाली पडलेली पानं झाडून कचऱ्यात टाका. आणि मार्चमध्ये बुडाभोवती फावडं मारून बाहेर पळालेली मुळं तोडा. त्यांतलं वीतभर बेणं शेजारच्या आजी-आजोबांना द्या, खुडायला आले होते ना.